फ्रीजपुढची चप्पल

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजपुढे एक रबरी चप्पल कायम असते. फ्रीज उघडायचा तर आधी पाय चपलेत घालायचे, ही लहानपणापासूनची सवय. अनवाणी हात लावला की बोटं झिणझिणायची. सकाळी जास्त, आणि पावसाळ्यात फरशी ओलसर असली की हात झटकन मागे घ्यावा लागायचा. आई म्हणायची, फ्रीज जुना झालाय. मग नवा आणला. त्यालाही झिणझिण्या यायला लागल्या, तेव्हा आईने तो विषय सोडून दिला आणि चप्पल तिथेच राहिली.

त्या झिणझिण्यांचं खरं कारण मला इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवताना सापडलं. तो सगळा खटाटोप मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या घरासारखी घरं गावोगाव आहेत आणि गाड्या आता त्या घरांत यायला लागल्या आहेत.

घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. वडिलांनी १९८४ साली बांधलेलं. सिंगल फेज मीटर, म्हणजे वीज आणणारी जिवंत तार (फेज) एकच; बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट. मी कराडला नोकरी करते. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या थोडं वर पडतं. इतक्या अंतराला माझ्या गाडीला रोज सोळा-सतरा युनिट लागतात. साध्या पंधरा अँपिअरच्या पिनेवर ही गाडी तासाला जेमतेम तीन युनिट घेते, म्हणजे सहा तासांत काम भागतं. ज्यांचं रोजचं जाणं-येणं तीस-चाळीस किलोमीटर आहे त्यांना भिंतीवरच्या मोठ्या चार्जरची गरज नाही, हे मी अनुभवाने सांगते. त्यांनी एक चांगला, स्वतंत्र वायरिंगचा पॉइंट काढला तरी पुष्कळ. फक्त ते सॉकेट गीझरचं किंवा इस्त्रीचं जुनं नको. इस्त्री पंधरा मिनिटं चालते. गाडी रात्रभर पूर्ण करंट ओढते, आणि सैल झालेलं सॉकेट तेवढ्यात वितळतं.

माझी अडचण वेळेची होती. आमच्या भागात संध्याकाळी सगळ्या घरांचा भार एकदम येतो आणि व्होल्टेज उतरतं, त्यामुळे गाडी रात्री अकरानंतरच लावायची आणि सकाळी साडेसहाला निघायचं. वळवाच्या दिवसांत मध्येच दोन-तीन तास वीज गेली तर साध्या पिनेवर हिशेब बसत नाही. म्हणून ७.२ किलोवॅटचा चार्जर घ्यायचं ठरलं. त्याला एका फेजवर ३२ अँपिअर लागतात. ११ किलोवॅटचा थ्री फेज चार्जरही मिळत होता, पण माझ्या गाडीच्या आतला चार्जर एकाच फेजचा, ७.२ किलोवॅटचाच आहे. भिंतीवर कितीही मोठा डबा लावला तरी गाडी तेवढंच घेणार. खरं तर भिंतीवरच्या डब्याला चार्जर म्हणणंही बरोबर नाही. घरात येणाऱ्या एसी करंटचा बॅटरीला लागणारा डीसी करून ती भरण्याचं काम गाडीच्या पोटात होतं. भिंतीवरचा डबा हा एक हुशार, सावध स्विच असतो. हे ध्यानात आलं तर विकत घेताना पैसे वाया जात नाहीत.

भार वाढवून घेण्याचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज दिला, लायसन्स असलेल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडला, कोटेशन भरलं. तिथल्या अभियंत्यांनी स्वतःहून सांगितलं की सिंगल फेजवर चार्जर आणि घर दोन्ही ओढू नका, थ्री फेज घ्या. एका फेजवर एकटी गाडी, बाकी दोन फेजवर घर. गाडीसाठी वेगळं मीटर घ्यायचीही सोय होती. मी ते घेतलं नाही, पण ज्यांचं घरगुती बिल आधीच वरच्या टप्प्यात जातं त्यांनी दोन्हीकडचे दर मांडून बघावेत. गाडीचे चारशेच्या वर युनिट महिन्याला वाढतात आणि ते सगळे घरगुती दराच्या वरच्याच टप्प्यात मोजले जातात.

मीटर बसलं आणि एप्रिलमध्ये एके दिवशी सकाळी चार्जर बसवायला दोन मुलं आली. चुणचुणीत होती, घाईत होती. त्यांना त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी जायचं होतं. पाऊण तासात पोर्चच्या भिंतीवर चार्जर लागला, मीटरपासून घराच्या कडेने केबल आली, अर्थची, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी हिरवी तार घरातल्या बोर्डाच्या अर्थला जोडली. स्विच चालू केला. चार्जरवर लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. अर्थचा दोष.

मुलांनी व्होल्ट मोजायचं मीटर लावून बघितलं. फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, ह्यांच्यामध्ये २२८ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये १४१. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ८८. हा तिसरा आकडा शून्याच्या जवळ असायला हवा, एक-दोन व्होल्ट, फार तर तीन. त्यातला मोठा मुलगा म्हणाला, "मॅडम, काळजी नको. न्यूट्रलमधनं एक लूप मारून अर्थला देतो, लगेच चालू होईल. बऱ्याच ठिकाणी असंच करतो आम्ही."

मला विजेतलं काही कळत नव्हतं. पण जो चार्जर धोका आहे म्हणून थांबलाय, त्याला धोका दिसू नये अशी व्यवस्था करून तो चालू करायचा, हे मनाला पटेना. मी म्हटलं, राहू दे, तुम्ही जा. त्यांनी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही मागितली. ती मी दिली नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या काकांना बोलावलं. ते वीज बोर्डात होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता कुणाला अडलं तर जातात. त्यांनी सकाळचा प्रकार ऐकला आणि पहिल्यांदा मला खुर्चीवर बसवून ते लूप मारणं म्हणजे काय ते समजावलं. "समजा वादळात खांबावरनं येणारा न्यूट्रल तुटला. घरातला फॅन, टीव्ही, बल्ब चालू हाय. मग त्यांच्यातनं जाऊन फेज उलटा न्यूट्रलच्या तारेवर येतो. ती तार तू अर्थला बांधलीस. आता अर्थ म्हणजे काय? फ्रीजचं दार, गीझरची टाकी, आणि तुझी गाडी. सगळ्या पत्र्यावर २३० व्होल्ट. गाडी टायरवर उभी, ती जमिनीला टेकतच न्हाई. तू ओल्या पायानं दार उघडायला गेलीस की संपलं. आणि त्या वेळी वीज गळली की लाइन तोडणारी ती आरसीसीबी पण वाचवत न्हाई, कारण ती फेज तोडते, न्यूट्रल तोडते; अर्थची तार ती कधीच तोडत न्हाई."

हे शेवटचं वाक्य मी अनेकांना ऐकवलं आहे. अर्थची तार कुठल्याही स्विचने तुटत नाही, तुटू नये अशीच तिची रचना असते. त्यामुळे तीच तार जिवंत झाली तर अडवायला कोणी नाही.

मग काका कामाला लागले. घरात कोणालाही कशाला हात लावू नका म्हणाले, रबराच्या चटईवर उभे राहिले, घरातली अर्थची तार बोर्डापाशी सोडवून बाजूला केली आणि जमिनीतल्या पाइपकडून आलेली तार मोकळी घेतली. फेज आणि त्या तारेमध्ये जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावला. तो लागलाच नाही. आतली बारीक तारही लाल झाली नाही. "ताई, ही अर्थिंग मेलीया," ते म्हणाले. मीटरवर १४१ व्होल्ट दिसत होते ते भास होते. मीटरला दाखवण्यापुरता दाब होता, पण खऱ्या वेळी करंट वाहून न्यायला वाटच नव्हती. (ही परीक्षा वाचून कोणी घरी करू नये. काकांनी आधी घरची तार सोडवली नसती तर त्या बल्बातून सगळ्या घराच्या पत्र्यावर वीज आली असती.)

दुसऱ्या दिवशी मीटरच्या भिंतीलगतची जुनी अर्थिंग उकरली. सिमेंटचं चेंबर होतं, त्यात वाळलेली माती आणि एक पाइप. हाताने ओढला तर वरचा दोन फुटांचा तुकडा हातातच आला. खालचा गंजून गेला होता. कोळसा आणि मीठ घालून पाइप पुरायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे. मीठ ओलावा धरतं, पण तेच मीठ वर्षानुवर्षं पाइप खातं. वडील होते तोवर उन्हाळ्यात त्या चेंबरात बादलीभर पाणी ओतायचे. ते का ओततात हे आम्ही कधी विचारलं नाही, आणि ते गेल्यावर कोणी ओतलं नाही.

आणि मग चपलेचा उलगडा झाला. काकांनी मला एकेक उपकरण चालू-बंद करायला लावलं आणि स्वतः न्यूट्रल आणि घरातल्या अर्थच्या तारेमध्ये मीटर धरून बसले. मिक्सर, वॉशिंग मशीन, फ्रीज, आकडा हलेना. गीझर लावला आणि आकडा एकदम वर गेला. दोष गीझरच्या कॉइलमध्ये होता. कॉइलच्या वेष्टनाला कुठेतरी बारीक तडा होता आणि तिथून वीज टाकीवर झिरपत होती. अर्थ धड असती तर ती जमिनीत गेली असती. अर्थ मेलेली, पण घरातली हिरवी तार मात्र सगळ्या सॉकेटना जोडलेली. म्हणून गीझरची गळती त्या तारेवरून फिरत स्वयंपाकघरात यायची आणि फ्रीजच्या दारावर भेटायची. फ्रीजचा काही दोष नव्हता. सकाळी जास्त, कारण गीझर सकाळी लागायचा. मुलं आली तीही सकाळ होती आणि आईच्या अंघोळीचं पाणी तापत होतं. ८८ व्होल्ट तिथून आले होते. त्या दिवशी लूप न मारता नुसता चार्जरचा तो तपास बंद करून गाडी जोडली असती, तर फ्रीजच्या दारासारखंच गाडीचं दारही झिणझिणलं असतं.

आई हे ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नातवंडं सुट्टीत येतात तेव्हा मी त्यांना आधी चपला शोधायला लावायचे."

गीझरची कॉइल त्याच दिवशी बदलली. अर्थिंगला मात्र आठवडा गेला, आणि ह्या सगळ्या कामात मन लावून करण्यासारखं तेच होतं असं मला आता वाटतं. चार्जरच्या जवळ, म्हणजे पोर्चच्या कडेला खड्डा घ्यावा असा आमचा बेत. अडीच-तीन फुटांवर पहार टणकन वाजली. काळा पाषाण. डोंगराच्या उतारावरची घरं, वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली सलग दगड. दगडातून वीज पसरत नाही. तिला ओली, भरगच्च माती लागते. काका घराभोवती दोन चकरा मारून आले आणि मागच्या बाजूला मोरीचं पाणी जातं तिथे थांबले. तिथे आईचा अळूचा वाफा आणि केळीची दोन खुंटं आहेत. "जिथं अळू जगतो तिथं अर्थ जगते," म्हणाले. तिथे माती खोल निघाली.

मीठ-कोळशाऐवजी आम्ही तांब्याचा थर असलेल्या दहा फुटी सळया वापरल्या आणि भोवती बेंटोनाइट भरलं. ही एक प्रकारची चिकणमाती आहे. पाणी धरून ठेवते आणि धातू खात नाही. जमिनीत जाताना विजेला किती अडथळा होतो ते ओहममध्ये मोजतात, जितके कमी तितकी अर्थ चांगली. एका सळईवर मोजलं तर ८.२ ओहम आले. काकांना पाचच्या आत हवे होते. दुसरी सळई पहिलीपासून दहा फुटांवर घेतली, कारण जवळ घेतली तर दोघी एकाच मातीवर भार टाकतात आणि फायदा होत नाही. दोन्ही जोडून ४.६ आले. मोजायला खास मीटर लागतं. जमिनीत ठरावीक अंतरावर दोन खुंट्या ठोकून त्यांच्याशी तुलना करतात. साध्या मल्टिमीटरने अर्थिंगचे ओहम मोजता येत नाहीत, तसं कोणी मोजून दाखवलं तर विश्वास ठेवू नये. आम्ही हे मोजमाप मे महिन्यात केलं, जमीन सगळ्यात कोरडी असते तेव्हा. जुलैत परत मोजलं तर २.९ होतं. पावसाळ्यातला आकडा घेऊन खूश होण्यात अर्थ नाही.

मी विचारलं, आता इतकी चांगली अर्थ झाली, मग आरसीसीबी कशाला? त्यावर काकांनी कागदावर भागाकार करून दाखवला. २३० भागिले ४.६, म्हणजे ५०. गाडीत फेज पत्र्याला टेकला तर अर्थमधून पन्नास अँपिअर जातील. चार्जरची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, बंद होणारा स्विच, ४० अँपिअरची. पन्नासवर ती ताबडतोब पडत नाही, कितीतरी मिनिटं चालू राहू शकते. तेवढा वेळ पत्रा जिवंत. म्हणून ३० मिलिअँपिअरवर पडणारी आरसीसीबी हवीच. एमसीबी केबल वाचवते, माणसाला वाचवते ती आरसीसीबी.

मुलांनी लावलेली आरसीसीबी काकांनी काढून हातात घेतली. तिच्यावर नुसती एक नागमोडी लाट छापलेली होती. ही एसी प्रकारची. गाडीच्या आतल्या चार्जरमधून दोष आला तर त्यात डीसीचा अंश असू शकतो आणि तो ही एसी प्रकारची आरसीसीबी धडपणे ओळखत नाही. गाडीसाठी ए प्रकारची लागते. तिच्यावर लाटेखाली अर्ध्या लाटांचे उंचवटे छापलेले असतात. शिवाय ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी व्यवस्था चार्जरमध्ये आहे का ते बघावं लागतं, माझ्या चार्जरमध्ये ती होती. नसती तर बी प्रकारची, बरीच महाग आरसीसीबी घ्यावी लागली असती. साताऱ्यात दोन दुकानांत ए प्रकार मिळाला नाही. शेवटी भाऊ पुण्याला होता, त्याने तपकीर गल्लीतून आणली. दुकानात जाताना त्या दोन चित्रांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. नुसतं "आरसीसीबी द्या" म्हटलं की एसी प्रकारच हातात येतो.

केबलही बदलली. मुलांनी ६ चौरस मिलिमीटरची आणली होती. जवळच्या अंतराला ती चालते. आमच्याकडे मीटर फाटकाशी आणि पोर्च मागे, मधे तीस मीटर. ३२ अँपिअर सतत वाहिले तर त्या तारेत सुमारे ६ व्होल्ट पडतात आणि जवळपास १९० वॅट नुसती केबल तापवण्यात जातात. १० चौरस मिलिमीटरला हेच साडेतीन व्होल्ट आणि ११० वॅटच्या आसपास येतं. व्होल्टेज आधीच उतरलेलं असलं की तेवढा फरक जाणवतो. आर्मर्ड, म्हणजे आत पोलादी कवच असलेली केबल घेतली, अंगणातून गेली तिथे अडीच फूट खोल पाइपात घातली आणि वर विटा मांडल्या, पुढे कोणी कुदळ मारली तर आधी वीट लागावी म्हणून.

जुन्या जोडण्या सोडवताना मला एक गोष्ट दिसली, तिने मी सगळ्यात जास्त हादरले. एमसीबीच्या टर्मिनलमध्ये तार नीट जावी म्हणून तिचे तीन-चार धागे कापून टाकले होते, आणि दोन धागे बाहेर लोंबत होते. चार्जर पाऊण तासात लागला तो असा. काकांनी तारेच्या प्रत्येक टोकाला लग्स, म्हणजे धातूची टोपणं, दाबून बसवले, केबल डब्यात शिरते तिथले ग्लँड घट्ट केले आणि स्क्रू मोजून आवळले. मोठ्या करंटच्या कामात बहुतेक आगी तारेच्या मधे लागत नाहीत, तारेच्या टोकाला लागतात, असं ते म्हणाले. वळवाच्या विजा आमच्या डोंगरावर फार पडतात, म्हणून पॅनेलमध्ये अचानक वाढलेला दाब जमिनीत सोडणारा एक सर्ज अरेस्टरही आला. चार्जर जमिनीपासून चार फुटांवर घेतला. नियमाने निदान ८०० मिलिमीटर लागतातच.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री साडेअकराला, आम्ही परत स्विच चालू केला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये १.४ व्होल्ट. हिरवा दिवा. मी गन, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाची मूठ, गाडीला लावली. काही क्षण काहीच झालं नाही, मग आतून टक्क असा आवाज आला. त्या काही क्षणांत काय होतं ते मी नंतर वाचलं आणि मला ते फार आवडलं. गनच्या सात पिनांपैकी एक नुसती बोलण्यासाठी असते. चार्जर तिच्यावर १२ व्होल्ट ठेवून वाट बघतो. गाडी जोडली की तो दाब ९ वर येतो. मग चार्जर सेकंदाला हजार ठोके देतो आणि त्या ठोक्यांच्या रुंदीतून सांगतो की माझ्याकडे ३२ अँपिअर आहेत, त्याहून जास्त मागू नकोस. गाडी तयार झाली की दाब ६ वर आणते आणि तेव्हाच चार्जरमधला रिले, म्हणजे आतला स्विच, जोडला जाऊन वीज सुटते. तोवर गनच्या मोठ्या पिना मृत असतात, म्हणून पावसात गन लावतानाही भीती नाही. आणि ह्या सगळ्या संभाषणाची परतीची वाट कोणती, तर तीच हिरवी तार.

घराला वेगळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. पहिल्या महिन्यात ती दोनदा पडली; एकदा अंगणातल्या दिव्यात पाणी गेलं म्हणून, एकदा मिक्सरच्या वायरीने. दोन्ही दोष खरे होते. गाडी सोडून फक्त अर्थिंग, केबल आणि पॅनेलचा खर्च अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास आला. गाडी घेताना कोणी हा आकडा सांगत नाही. जुन्या घरात राहणाऱ्यांनी तो आधीच बाजूला काढावा.

फ्रीजला आता अनवाणी हात लावला तरी काही होत नाही. मी, भाऊ, भाचे, सगळ्यांनी लावून बघितला. आई अजून चप्पल घालते.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला काकांनी मार्करने तारीख आणि ४.६ असं लिहून ठेवलं होतं. ह्या मेमध्ये ते परत मीटर घेऊन आले. अळूच्या वाफ्यात खुंट्या ठोकल्या, ४.९ आले. पॅनेल बंद करून सगळे स्क्रू तपासले. आरसीसीबीच्या न्यूट्रलचा एक स्क्रू पाव फेरा फिरला. त्यांनी आधीच्या आकड्याखाली नवा आकडा आणि तारीख लिहिली, आणि मला चेंबरात दोन बादल्या पाणी ओतायला सांगितलं.